डावं बटण

४ मार्च
तलावाची तिकीट-खिडकी

भाऊजी,

पत्राच्या सुरुवातीला कुशल विचारायचं असतं, ते मी गाळते आहे. दोन वर्षं ना तुम्ही लिहिलंत ना मी, आणि आता एकदम ‘आम्ही सगळे मजेत’ असं लिहायला माझा हात वळत नाही. हे कामाचं पत्र आहे. काम झालं की फाडून टाका.

मला पिनबॉलचं मशीन विकत घ्यायचं आहे. जुनं, वापरलेलं. हसून घ्या एकदा. घरातल्या मिक्सरला घाबरणारी बाई ती हीच. आमच्या पोहण्याच्या तलावासमोरचा कॅफे बंद झालाय आणि मालकाने सगळं विकायला काढलंय. खुर्च्या गेल्या, फ्रीज गेला, हे धूड उरलंय. काचेखाली उतरती फळी, तिच्यावर धावणारा पोलादी बॉल, दोन बाजूंना दोन बटणं आणि बटण दाबलं की बॉलला वर टोलवणारे दोन फ्लिपर, एवढं मला समजतं. पुढचं ओ की ठो कळत नाही. तुम्ही बंदराचं यार्ड सोडल्यावर तिकडे असलीच मशीनं दुरुस्त करता, हे यार्डातल्या जुन्या फिटरने सांगितलं. म्हणून विचारतेय. दुसरं काही कारण नाही.

यांच्याबद्दल तुम्ही विचारणार नाही, तेव्हा मीच सांगून टाकते. काचबिंदूने बाजूची नजर आधीच खाल्ली होती, आता मधलीही गेली. उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं. सकाळी खिडकीकडे तोंड करून बसतात, दुपारी भिंतीकडे. पांढरी काठी आणली, ती दाराआड उभी आहे. परवा यांनी चहाचा कप टेबलावर ठेवला, आणि टेबल तिथे नव्हतंच. कप फुटला तो फुटला, वर माझ्यावर ओरडले की टेबल मी सरकवलं. मी सरकवलं नव्हतं, भाऊजी. पण तसं म्हणायची सोय नाही या घरात.

आता मशीनचं. गेल्या महिन्यात यांना डॉक्टरकडे नेत होते. कॅफेत कोणीतरी ते मशीन लावून बघत होतं आणि आतली घंटा वाजली. हे फुटपाथवर जागच्या जागी थांबले. मी बघते तर उजव्या हाताची बोटं कोटावर हलतायत. म्हणाले, “आम्ही एका नाण्यात दोघं खेळायचो. उजवं बटण माझं, डावं धाकट्याचं. आणि धाकटा कायम उशिरा मारायचा.” एवढं बोलले, आणि चटका बसल्यासारखा हात कोटाच्या खिशात घातला. मग “चल” म्हणाले. तुम्ही यांना यार्डातल्या क्रेनच्या कामावरून खाली उतरवलंत तेव्हापासून ‘धाकटा’ हा शब्द घरात पहिल्यांदा ऐकला. मी तिथेच ठरवलं, हे मशीन घरी आणायचं.

तर मशीन बघायला गेल्यावर काय काय बघायचं, तेवढं लिहा. बाकी काही लिहू नका. आणि पत्र घरी पाठवू नका, तलावाच्या पत्त्यावर पाठवा. यांना यातलं काही माहीत नाही.

वहिनी


१७ मार्च
तलाव, दुपारची सुट्टी

भाऊजी,

चार पानं! बॅटरी कुठे असते, तिच्यातून पाणी गळून हिरवट पापुद्रा धरलाय का बघा, काच वर कशी सरकवायची, मशीन उचलण्याआधी बॉल बाहेर का काढायचे, डोक्याकडचा भाग कसा आडवा पाडायचा. चार पानांत सख्ख्या भावाबद्दल एक अक्षर नाही. अट मीच घातली होती हे खरं. पण लोक अटी मोडतात हो अधूनमधून.

काल गेले होते. सांगते कशी फजिती झाली ते, म्हणजे फजिती झाली नाही, होता होता राहिली.

कॅफेवाला धिप्पाड, लोकरीची टोपी घालून बसलेला, तोंडाचा पट्टा अखंड चालू. मशीनवर आगीच्या बंबाचं चित्र आहे. लाल बंब, शिड्या, हेल्मेटवाले जवान, आणि वर खरीखुरी पितळी घंटा. ती ऐकूनच माझं निम्मं ठरलं होतं, पण चेहरा मी कोरा ठेवला. तुमचं पान पर्समध्ये होतं, पण सगळं तोंडपाठ करून गेले होते. पुढचं छोटं दार उघडायला लावलं. बॅटरी पाहिली. पापुद्रा नाही. मशीनचे पाय हलवून बघितले. भोकाजवळ फळीचा रंग उडालाय, ते बोलून दाखवलं. तेव्हा त्याने माझ्याकडे जरा नीट बघितलं.

इतक्यात आणखी एक गिऱ्हाईक आलं. खिशातून टेप काढली आणि सरळ मशीनची लांबी-रुंदी घ्यायला लागला, मी तिथे नाहीच अशा थाटात. कॅफेवाला म्हणाला, “बाई, आता काय ते ठरवा. यांचा टेम्पो बाहेर उभा आहे.” मी म्हटलं, “खेळून बघितल्याशिवाय घेणार नाही.” तुम्ही तसंच लिहिलं होतंत, मशीन तापेपर्यंत खेळा म्हणून. तर तो म्हणाला, “खेळा ना. चला, दोघं मिळून खेळू. तुम्ही उजवं दाबा, मी डावं.”

यांनी फुटपाथवर सांगितलं ते शब्दाला शब्द! मला तो शकुन वाटला. आम्ही दोघं खेळलो. माझी दोन-चार वेळा घंटा वाजली. त्याच्या बाजूने मात्र बॉल सारखा निसटत होता. “माझा हात जड आहे हो,” म्हणत होता आणि हसत होता. टेपवाला घड्याळ बघत होता. मी आणखी वेळ काढला असता, पण तो माणूस कधी पाकीट काढेल या धास्तीने मीच आधी काढलं. किमतीचं विचारू नका.

आज सकाळी हमालांनी आणलं. बॉल मी स्वतः काढून पर्समध्ये ठेवले होते. डोकं आडवं पाडून, दोरीने बांधून. घरी उतरवताना हमाल म्हणाला, “बाई, बॉलसुद्धा आधी काढलेत, याआधी केलेलं दिसतंय हे काम.” मी नुसती मान हलवली. हे आतल्या खोलीत होते. एवढी पावलं ऐकू येऊनही बाहेर आले नाहीत. मी मशीन हॉलमध्ये लावून इकडे कामावर निघून आले आहे. खरं सांगू? घरी जायची भीती वाटतेय.

वहिनी


३ एप्रिल

भाऊजी,

पहिले काही दिवस वाईट गेले. त्या संध्याकाळी मी दार उघडलं तर हे हॉलमध्ये, मशीनपासून हातभर लांब, उभे. “काय आणलंस?” मी सांगितलं. “आंधळ्याला खेळणं आणलंस?” म्हणाले आणि आत गेले. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही तेच. मी म्हटलं, परत देऊन टाकते. त्यावरही काही बोलले नाहीत. गुळणी धरून बसायची तर तुमच्या घराण्याची खासियतच आहे.

मग एका दुपारी लवकर सुटले. जिना चढत होते तर वरून घंटा ऐकू आली. पायरीवरच बसले, हातातली पिशवी मांडीवर घेऊन. घंटा, मग खटखट, मग बॉल आत पडल्याचा आवाज, मग पुन्हा पहिल्यापासून. वर जाऊन मी त्यात मोडता घालणार नव्हते.

आता रोज खेळतात. कानाने. बॉल कुठे आहे ते फळीवरच्या आवाजावरून ओळखतात. रबरावर लागला की एक, पत्र्यावर लागला की दुसरा. मशीन पेटलं की दिव्यांचा लालसर उजेड त्यांना जाणवतो म्हणे, शेकोटीसमोर उभं राहिल्यासारखा. परवा तीन वेळा लागोपाठ घंटा वाजवली आणि मान वर करून “ऐकलंस?” असं मला विचारलं. मला रडू आलं. आवाज केला नाही.

पण एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. हे उजव्या हाताने खेळतात, फक्त उजव्या. डावा हात काचेच्या कडेवर नुसता पालथा ठेवलेला असतो. बॉल डावीकडे गेला की बोटसुद्धा हलवत नाहीत. पडू देतात. मी एकदा सहज म्हटलं, “सरका, डावीकडे मी उभी राहते.” तर इतक्या जोरात म्हणाले, “तिथे उभी राहू नकोस!” की माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, “असू दे. पडू दे तिकडून.”

मशीन पुसतानाही मी त्या बाजूला जात नाही आता.

अजून एक. काल जेवताना मध्येच विचारलं, “बॉल आधी काढून घ्यायचे, हे तुला कोणी सांगितलं?” हमालाचं बोलणं आतून ऐकलं असणार. मी म्हटलं, “कॅफेवाल्याने.” हे म्हणाले, “हं.” त्या ‘हं’ने मला झोप लागली नाही. यापुढे पत्र जरा उशिराने पाठवा.

वहिनी


२० एप्रिल

भाऊजी,

सगळं फुटलं. क्रमाने सांगते, म्हणजे माझंही डोकं ताळ्यावर येईल.

काल आमच्या तलावावरची पोहायला शिकवणारी बाई घरी आली होती. माझा चष्मा खिडकीत राहिला होता, तो द्यायला. मशीन बघून तिला राहवलं नाही. मी चहा ठेवायला वळते तोवर ही पुढे होऊन दोन्ही बटणांवर हात ठेवून उभी. हे खुर्चीत होते. बॉल सुटला. उजवा फ्लिपर उडाला, खट्. मग बॉल डावीकडे आला आणि काहीच नाही. ती दाबतेय, दाबतेय. “अहो, तुमचा डावा बंद आहे की!”

हे खुर्चीत ताठ झाले. “बंद आहे?”

“पूर्ण. हलतसुद्धा नाही. तुम्हाला माहीत नव्हतं?”

इतके दिवस मशीन घरात, आणि डावा फ्लिपर मेलेला आहे हे दोघांनाही ठाऊक नाही, कारण दोघांनीही त्या बटणाला हात लावलेला नाही! आणि हे हसले. भाऊजी, दोन वर्षांत पहिल्यांदा, पोट धरून. मीही हसले. ती बिचारी आमच्याकडे बघत राहिली आणि चहा न घेता गेली.

ती गेल्यावर हसू विझलं. यांनी विचारलं, “तू मशीन बघायला गेलीस, तेव्हा डावं कोणी दाबलं?”

“कॅफेवाल्याने. म्हणाला, दोघं मिळून खेळू.”

“आणि तुला त्यात काही वावगं वाटलं नाही?”

“मला वाटलं, तसंच खेळतात. तुम्हीच तर सांगितलं होतंत.”

त्या टोपीवाल्याने माझ्या तोंडाला पानं पुसली होती, आणि तीही आपल्याच घरची रीत वापरून. दुसरी कोणतीही बाई म्हणाली असती, बाजूला व्हा, दोन्ही मी दाबते. मला शकुन वाटला!

मग हे उठले, चाचपडत मशीनपाशी गेले, छोट्या दाराची किल्ली काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली. “धाकट्याला लिहितेस तू,” म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

मी हो म्हटलं. काय करणार होते?

“त्याने माझी क्रेन बंद केली. आता माझ्या घरात त्याच्या अकलेने मशीनं येणार.” आवाज चढला नव्हता, त्याचीच भीती वाटली. “क्रेनची पेटी चार बोटं सरकली होती. चार बोटं! इतकी वर्षं त्या केबिनमध्ये काढली, वाऱ्यात पेट्या उतरवल्या, आणि चार बोटांसाठी माझा भाऊ साहेबाकडे गेला. माझ्याकडे नाही आला. साहेबाकडे.”

भाऊजी, आता माझं ऐका. या बाबतीत मी यांच्या बाजूची आहे. यांचे डोळे तपासायला हवे होते, कबूल. यांना खाली उतरवायलाच हवं होतं, तेही कबूल, आणि हे मी यांच्यासमोर कधी बोलणार नाही. पण तुम्ही माझ्याकडे का नाही आलात? पेटी सरकली त्या संध्याकाळी तुम्ही आमच्याकडे जेवलात. यांनी तुमच्या ताटात वाढलं. आणि सकाळी साहेबाच्या खोलीत जाऊन ‘दादाचे डोळे तपासा’ म्हणालात. मी तुमची कोण होते? राग येतो मला. अजून येतो. इतके दिवस कॉइल आणि बॅटरीच्या गप्पा मारल्या म्हणून तो गेला असं समजू नका.

खरंच चार बोटं होती का, तेही तुम्ही कधी बोलला नाहीत. मी विचारतेय. आणि डावा फ्लिपर दुरुस्त करायला या. दुसऱ्या कुणाला मी त्याला हात लावू देणार नाही.

वहिनी


२९ एप्रिल

भाऊजी,

रविवारी येता, हे कळलं. फ्लिपर उडवणारी कॉइल मिळाली, हेही कळलं.

मी विचारलेल्याचं उत्तर मात्र तुम्ही एका वाक्यात उरकलंत: ‘वहिनी, तुम्हाला सांगितलं असतं तर दादाने मला खाली उभं करणं बंद केलं असतं, आणि माझ्या जागी दुसरा कोणी उभा राहिला असता.’ मी हे पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही खाली उभे राहून यांना इशारे द्यायचात, हे मला माहीत आहे. पण त्याचा आणि चार बोटांचा काय संबंध, ते नीट उमगलं नाही. उमगल्यासारखं वाटतं, आणि मग मी विचार तिथेच सोडून देते.

तुम्ही येताय ते यांना सांगितलं. चोरून आणायचं नाही असं ठरवलं. हे म्हणाले, “येऊ दे. दुरुस्त करून जाऊ दे. मी बोलणार नाही.” किल्ली खिशातच आहे. झोपतानाही काढत नाहीत. देतील की नाही, मी सांगू शकत नाही. न दिली तर तुम्हाला चहा पिऊन परत जावं लागेल, ही तयारी ठेवून या.

वहिनी


८ मे
घर

भाऊजी,

रविवारी तुम्ही इथे होतात, तेव्हा तुम्हालाच रविवारची हकीकत सांगणं वेडेपणाचं आहे. पण निम्मं तुम्ही पाहिलेलं नाही. आपण दोघं चहा ढवळत बसलो होतो आणि साखर केव्हाच विरघळली होती, तिथपर्यंत तुम्हाला माहीत आहे. हे आतून भिंतीला हात लावत आले, काचेवर किल्ली ठेवली आणि उजव्या बाजूला जाऊन उभे राहिले, हेही तुम्ही पाहिलंत.

पुढे तुम्ही काच काढलीत, खेळायची फळी वर उचललीत, तिला टेकू लावलात आणि तिच्याखाली मशीनच्या पोटात डोकं घातलंत. ‘वहिनी, कॉइल जळलेली, वर वायर कापलीच आहे त्या हरामखोराने,’ असं आतून ओरडलात. तेव्हा यांनी काय केलं, ते तुम्हाला दिसलं नाही. मला दिसलं. हे चाचपडत पुढे आले, वर उचललेल्या फळीची कड हाताला लागली, आणि त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली. टेकू लावलेला होता. मी तसं सांगणारही होते. पण त्यांचे दंड ताठ झाले होते, सगळं वजन आपल्याच हातात असल्यासारखे. तुमचं काम होईपर्यंत हे तसेच, तुमच्या डोक्यावर ती फळी धरून उभे होते. तुम्ही डोकं बाहेर काढलंत तेव्हाच सोडली.

मग तुम्ही दोघं खेळलात. तुमचा डावा जिवंत झाला आणि पहिल्याच बॉलला तुम्ही उशीर केलात. यांच्या ओठाचा कोपरा हलला, तो तुम्ही पाहिलात का? मान वर केली असतीत तर दिसला असता. दोघं समोर बघत होतात, एकाला दिसत नाही आणि दुसरा बघायला धजत नाही. दुसरा बॉल खेळात असतानाच यांनी विचारलं, “किती सरकली होती?”

तुम्ही म्हणालात, “हातभर.”

खट्, खट्. घंटा वाजली.

“खाली कोण होतं?”

“मी.”

बॉल मधून पडला. कोणीच दाबलं नाही.

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. त्या संध्याकाळी तुम्ही आमच्याकडे जेवायला आलात, तेव्हा तुम्ही त्या पेटीखालून उडी मारून आलेले होतात! हसत होतात. भाजी पुन्हा मागून घेतलीत. साहेबाला तुम्ही पेटी चार बोटं सरकली, डोळे तपासा एवढंच सांगितलंत, खाली कोण होतं ते नाही, कारण ते सांगितलं असतं तर यांची नुसती क्रेन गेली नसती, चौकशी बसली असती. म्हणून माझ्याकडेही आला नाहीत. मी तुम्हाला काय काय लिहिलं ते आठवतंय मला. माझा राग गेला असं म्हणत नाही, पण आता तो कोणावर काढायचा ते कळत नाही.

हे आत गेले आणि दार लावून घेतलं. तुम्ही हत्यारं भरलीत. मी थांबा म्हटलं, तर तुमची बस होती. तुम्ही जिन्यात जरा वेळ उभे होतात, तेही मला माहीत आहे, पावलं लगेच वाजली नाहीत.

आता तुम्ही गेल्यानंतरचं.

दिवे लावायच्या वेळेला हे बाहेर आले. “गेला?” मी म्हटलं, गेले. हे मशीनपाशी गेले. चालू केलं नाही. काचेवर उजवा हात आडवा ठेवला, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. मग डाव्या हाताने तो मापला, कोपरापासून निघून हळूहळू मनगटापर्यंत, मग बोटांपर्यंत. पुन्हा एकदा तसंच केलं. मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, “अगं, एवढ्यात माणूस मावतो.”

मी यांच्या पाठीवर हात ठेवला, तर शर्ट घामाने भिजलेला.

“मला वरून काही दिसलं नव्हतं,” म्हणाले. “मी रेडिओवर विचारलं, ठीक का? तो म्हणाला, ठीक. मी पुढची पेटी उचलली.” मग पुन्हा, “मी पुढची उचलली गं.”

तीन दिवस हे आत बसून होते आणि मशीनला हात लावला नाही. मला वाटलं, संपलं. आपण दोघांनी मिळून होतं तेही घालवलं. मी कामावर जात होते, तिकिटं फाडत होते, लोकांना उरलेले पैसे चुकीचे देत होते. तुम्हाला लिहायला घेतलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं.

आज सकाळी मी निघताना हे दारात आले. डाव्या हातात पांढरी काठी होती. म्हणाले, “मला खालपर्यंत जाऊन यायचंय. तू नको. मी जातो.” पायऱ्या उतरताना काठी कठड्यावर आपटत होती, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशी. मी वर उभी राहून ऐकत राहिले. उतरले. परत चढले. दारात धापा टाकत म्हणाले, “आज जाऊ नकोस कामावर. पत्र लिही.”

मी कागद घेतला. आधी जे लिहिलंय ते सगळं माझं आहे, यांनी धीर धरून मला लिहू दिलं. आता यांचं. मी विचारलं, काय लिहू? हे मशीनच्या उजवीकडे जाऊन उभे राहिले, जणू तिथूनच बोलता येतं.

“लिही, अजून उशिराच मारतोस. सुधार.”

लिहिलं, म्हटलं. पुढे?

पुढे काही नाही, म्हणाले. मी पेनाचं टोपण लावलं. तेव्हा तोंड फिरवून, भिंतीशी बोलावं तसं म्हणाले, “आणि विचार त्याला. फळी मी धरली होती, तेव्हा हलली नाही ना?”

मी दोन्ही लिहिलं आहे, यांच्याच शब्दांत. उत्तर या वेळी घरच्या पत्त्यावर पाठवा.

वहिनी